आलाबला

रिक्षाचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि मी सीटवरून उडून पुन्हा सीटवर आपटलो. जुन्या जालन्यात ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. रिक्षावाल्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. समोरचा पोत्यांचा हातगाडा चुकवत तो आपला पुढं निघाला. सगुणाबाईनं, म्हणजे आमच्या मंडळींनी, माझा बांधलेला उजवा हात दोन्ही हातांनी सावरला आणि विचारलं, "लागलं का हो?" लागलं नव्हतं. लागलं असतं तरी कळलं नसतं, कारण माझं ध्यान त्या हातात नव्हतंच. चाक खड्ड्यात गेलं त्याच क्षणी मनात आलं ते असं, की त्यांना धक्का बसला नसेल ना? त्या म्हणजे माझ्याच कातडीच्या पेशी. कानामागची नखाएवढी कातडी काढून डॉक्टरांनी त्या वेगळ्या केल्या होत्या, आणि गेले काही आठवडे त्या दवाखान्याच्या मागच्या इमारतीत, एका कपाटाएवढ्या उबदार पेटीत, चपट्या बाटल्यांमध्ये वाढत होत्या. म्हणजे मी रिक्षात होतो आणि थोडासा मीच तिकडंही होतो. रिक्षातल्या मला खड्ड्यांची सवय आहे. तिकडच्या मला कसलीच सवय नाही, आणि मी सावरून बसलो तो तिकडच्या माझ्यासाठी. साठी उलटलेल्या माणसाला स्वतःविषयी अशी माया वाटावी, हे हसण्यासारखंच आहे.

माझ्यावर हसायची लोकांना सवय आहे म्हणा. नाव कडूबा आणि सगळी नोकरी साखर कारखान्यात. अंकुशनगरच्या वसाहतीनं ह्यावर पोटभर हसून घेतलं आहे. मी पॅनवर होतो. पॅन म्हणजे दोन मजली उंच बंद भांडं, त्यात उसाचा पाक आटत असतो आणि साखरेचा दाणा धरत असतो. भांड्याला एक जाड काच असते. तिच्यातून आत बघायचं, मधून मधून थोडा माल काढून काचपट्टीवर पसरायचा आणि दिव्यासमोर धरून दाणा कसा वाढतोय ते पाहायचं, हेच मी आयुष्यभर केलं. एवढ्या वर्षांत एक चटका बसला नाही. निवृत्त झालो, वडीगोद्रीला पुतणीच्या लग्नाला गेलो, आणि तिथं आचाऱ्यानं बुंदीचा पाक चुलीवर ठेवलेला. दुसऱ्याच्या कढईत डोकावल्याशिवाय मला राहवेना. "पाक झाला," मी म्हणालो. "न्हाई झाला, बाबा, मागं सरका," आचारी म्हणाला. मी सरकलो नाही. कढईचा कान मी धरला का त्यानं सोडला, ह्यावर भावकीत अजून दोन तट आहेत, पण कढई कलंडली आणि पाक माझ्या उजव्या हातावर आला. उकळतं पाणी बरं, ते वाहून जातं. पाक चिकटून बसतो. हाताची पाठ अंगठ्याच्या बेचक्यापासून मनगटाच्या वरपर्यंत गेली. तळहात आणि बोटांची टोकं तेवढी वाचली. पाक झालेला होता, हे मी आजही सांगतो.

मांडीची कातडी काढून हातावर लावली, ती धरली नाही. मग जखम आपली आपण आकसायला लागली. डॉक्टरांनी माझा डावा हात हातात घेऊन उजव्याचं काय होणार ते दाखवलं. हाताच्या पाठीवरची कातडी ओढली गेली की बोटं मागं खेचली जातात आणि मूठ वळत नाही. "अशीच भरली तर हात असेल, पण उघडाच राहील," ते म्हणाले. उघडा हात घेऊन माणूस काय काय करू शकत नाही, ह्याचा मी त्या दिवशी बसून विचार केला. पाण्याचा तांब्या धरू शकत नाही, भाकरी मोडू शकत नाही, जिन्याचा कठडा धरू शकत नाही, कुणावर चिडला तर मूठसुद्धा आवळू शकत नाही. सगळ्या जगापुढं कायमचा हात पसरलेला. त्यापेक्षा गेलेला बरा, असं मला वाटलं आणि मी तसं बोललोही, तेव्हा सगुणाबाई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तेवढ्यात दवाखान्यातल्या नव्या कामाविषयी समजलं. माणसाच्याच पेशी वाढवायच्या, रेशमाच्या रसात मिसळायच्या, त्यांची जाळीदार चादर छापायची आणि ती जखमेवर बसवायची. अजून थोड्याच लोकांवर करून पाहत होते. सही करणारा हातच बांधलेला, म्हणून मॅट्रिक पास माणसानं कागदावर डावा अंगठा उठवला.

तिथं मला मदीहा भेटली. ती जुन्या जालन्यातलीच, कापडाच्या दुकानांच्या गल्लीत राहणारी, तिशीच्या आतली. पेशी सांभाळणं हे तिचं काम. पहिल्या दिवशी मी तिला मॅडम म्हणालो, तिनं मला काका म्हटलं, आणि त्या काकापुढं माझं मॅडम टिकलं नाही. रेशीम कुठलं, हे मी आधी विचारलं. "इथलंच, काका. आपल्या बाजारात कोश येतात ना, त्यातलंच." रेशमाचा किडा स्वतःसाठी घर विणतो, आणि त्या घरात आता माझ्या पेशी बिऱ्हाड करणार, ह्याची मला गंमत वाटली. मग मी विचारलं, "चादर छापायला किती वेळ लागतो?" तेव्हा ती हसली. "जाळी छापणं सोपं आहे, काका. ती आम्ही रोज करून राह्यलो. ह्यांना जित्तं ठेवून छापणं, ते अवघड. रस सुईतून दाबून काढावा लागतो. दाब जास्त झाला की ह्या सुईतच चिरडतात. हळू हळू करत बसलं की तेवढा वेळ उपाशी राहतात. गरम झालं की मरतात. गार झालं की रस सुईतच गोठून बसतो. जाळी पक्की करायला वरून उजेड मारावा लागतो, तो जास्त झाला तरी जातात." मी म्हणालो, "मंग जगतात कशा?" ती म्हणाली, "तेच तर बराबर जमवायचं असतं." ह्या उत्तरानं माझं समाधान झालं नाही, पण माणूस पसंत पडला. आपल्या कामातली सगळी मरणं जिला तोंडपाठ आहेत, तिच्या हाती आपला जीव द्यायला हरकत नाही.

रोज ड्रेसिंगनंतर मी मागच्या इमारतीत जायचो आणि काचेबाहेर उभा राहायचो. काचेबाहेर उभं राहणं मला येतं. ती पेटी उघडायची, बाटली बाहेर काढायची, सूक्ष्मदर्शक दुर्बिणीखाली धरायची, जुनं पाणी काढून नवं घालायची, पेटी बंद करायची. हात घाईत नसत आणि रेंगाळतही नसत. बाहेर आली की मी भुवया उडवायचो, ती म्हणायची, "खाऊन पिऊन बऱ्या आहेत." एवढंच. कधी ह्यापेक्षा जास्त चांगलं बोलली नाही आणि मला ते फार बरं वाटायचं. छापायच्या आदल्या दिवशी मात्र घात झाला. पुण्याहून एक मोठे डॉक्टर पाहायला आले होते. त्यांनी दुर्बिणीत डोळा घातला आणि माझ्या देखत, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं म्हणाले, "अप्रतिम! इतकी सुंदर वाढ मी कुठं पाहिलेली नाही!" माझ्या अंगावर काटा आला. सगुणाबाईनं खाली पाहिलं. नजर लागू नये म्हणून मदीहा पुटपुटली, "माशाल्लाह," तेवढाच काय तो आधार. मोठ्या डॉक्टरांच्या मनात पाप नव्हतं, मी समजतो. पण सुंदर म्हणावं असं काही कोवळं समोर असताना सुंदर म्हणायचं नसतं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. आमच्याकडं हे शिकवावं लागत नाही.

माझ्या आईला माझ्याआधी दोन मुलं झाली. दोन्ही गोंडस, दोघांना देवांची गोड नावं, आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली. मी झालो तेव्हा आईनं मला शेजारणीच्या ओटीत टाकलं आणि सूपभर कोंडा देऊन तिच्याकडून परत विकत घेतलं. म्हणजे हे पोर कोंड्याच्या मोलाचं, ह्याच्यावर कुणी डोळा ठेवू नये. नाव ठेवलं कडूबा, म्हणजे नेणाऱ्यानं चाखलं तरी थुंकून टाकावं. इथपर्यंत ठीक होतं. पण आईनं तो कडवटपणा पुढं जन्मभर चालवला. मी मॅट्रिक झालो, ती म्हणाली, कुणीबी होतंय. मी पॅनवर लागलो, ती म्हणाली, भांडं राखायला काय अक्कल लागती. मी पहिल्या पगाराचं लुगडं आणलं, तिनं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, रंग जाईल. चार बायकांत कुणी माझं नाव काढलं की ती विषय बदलायची. मी जेवायला बसलो की दुसरीकडं बघायची. आपण आईला आवडत नाही, अशी समजूत मी चांगली साठीपर्यंत सांभाळली. त्या समजुतीविरुद्ध जाणारी एकच गोष्ट माझ्याजवळ होती. लहानपणी एकदा मला मोठा ताप आला होता. आईला वाटलं मी झोपलो. मी पापण्यांच्या फटीतून पाहत होतो. तिनं दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून, अंगाला न लावता, कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवले, ते आपल्या कानशिलांवर नेले आणि बोटं दुमडून दाबली. बोटं कडाकडा वाजली. आलाबला घेतली तिनं माझी, माझी इडापिडा स्वतःवर ओढून. मी डोळे उघडले असते तर तिनं हात खाली टाकले असते, म्हणून मी उघडले नाहीत.

तर मोठे डॉक्टर अप्रतिम म्हणून निघून गेले, आणि मी सगुणाबाईला म्हणालो, "उद्या छापायच्या आधी दृष्ट काढ." ती म्हणाली, "तुमची?" मी म्हणालो, "माझी कशाला? त्यांची." तिनं विचार केला. "पेटीला कुलूप, आत जाऊ देत न्हाईत. मंग उतरवू कशावरून?" हा प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "इमारतीच्या मागच्या भिंतीवरून. पेटी त्या भिंतीलाच आहे." त्यामुळं रिक्षातून उतरलो तेव्हा तिच्या पिशवीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या होत्या. फाटकाजवळच्या इस्त्रीवाल्याकडून तिनं डब्याच्या झाकणात निखारे मागून घेतले आणि ती इमारतीच्या मागं गेली. मी आत गेलो आणि माझ्या जागेवर, काचेबाहेर उभा राहिलो.

आत मदीहा आणि तिचा जोडीदार संघपाल होते. संघपाल यंत्र बघायचा, मदीहा पेशी. डोक्यापासून पायापर्यंत दोघंही झाकलेले, तरी तिला मी हातांवरून ओळखत होतो. तिनं बाटल्यांतून पेशी सोडवून घेतल्या होत्या, रेशमाच्या रसात मिसळून सिरिंजमध्ये भरल्या होत्या. बोटभर सिरिंज. तिच्यात मी किती होतो कोण जाणे. हात झाकण्यापुरता तरी होतोच. ती सिरिंज यंत्रात बसवणार, तेवढ्यात तिचा हात थांबला. तिनं मान वळवून खांद्यात तोंड खुपसलं. एकदा, दोनदा. मग संघपाल वाकला. काचेतून आवाज येत नव्हता, पण दोघंही खोकत होते, हे दिसत होतं. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. त्या मागच्या भिंतीला एक जाळी होती. खोलीत बाहेरची हवा तिथून जात होती.

पुढचं मी नुसतं पाहत राहिलो. संघपाल हवेचं यंत्र बंद करायला धावला. मदीहानं मात्र धावणं तर सोडाच, पाऊलसुद्धा जोरात टाकलं नाही. सिरिंजच्या तोंडाला टोपण लावलं, ती एका निर्जंतुक कापडात गुंडाळली आणि मधल्या छोट्या खोलीत येऊन मागचं दार ओढून घेतलं. तिथं धूर नव्हता. आता तिच्यामाझ्यात एकच काचेचं दार उरलं होतं, आणि त्याला बोलण्यापुरती फट होती. तिचे डोळे लाल झाले होते, पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दोन्ही तळव्यांत ती सिरिंज धरून ती फिरवत होती. अगदी हळू. आडवी धरून, एका लयीत, इकडून तिकडं. "काय जळून राह्यलं, काका?" तिनं विचारलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सगुणाबाई झाकण हातात घेऊन जिना चढून आली. चेहरा एकदम समाधानी. "अहो, बिलकुल ठसका न्हाई आला! जाळीतून सगळा धूर आत ओढून घेतला बघा. लई वंगाळ नजर होती!"

जिथं नजर लागलेली असते तिथं मिरचीचा ठसका येत नाही, हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक असतं. मदीहानं तिच्या हातातल्या झाकणाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी काचेत कुठं लपता येतं का ते पाहत होतो. "काकू," ती म्हणाली, "तुमचा सगळा ठसका मला लागला." सगुणाबाईचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तिनं आधी मदीहाचे डोळे पाहिले, मग आतल्या खोलीचं दार, मग ती सिरिंज, आणि तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली. "मेल्या का गं त्या?" तिनं विचारलं. असं विचारायला तिला किती जड गेलं असेल, ते मला माहीत आहे. आमच्या घरात तो शब्द कधी उच्चारत नाहीत.

"न्हाई सांगता येत, काकू. धूळ गाळली जाते तिथं. ठसका न्हाई गाळला जात. मिरचीच्या धुरानं ह्यांचं काय होतं ते कुठंच लिहिलेलं न्हाई, आणि मला काकांच्या हातावर तो प्रयोग न्हाई करायचा. हवा साफ होऊ द्यायची, मंग छापायचं." मी विचारलं, "तोवर ह्यांचं?" ती म्हणाली, "तोवर ह्या खाली बसायला बघणार. एकीवर एक बसल्या की गुदमरतात. म्हणून फिरवून राह्यले. गार पण व्हायला नको, म्हणून हातात." आणि नाहीच जमलं तर? थोड्या पेशी गोठवून ठेवलेल्या होत्या. पण त्या पहिल्यापासून वाढवायच्या म्हणजे पुन्हा तेवढेच आठवडे, आणि माझी जखम तेवढे दिवस वाट पाहणार नव्हती. ती आत्ताच, त्या बांधणीखाली, माझी बोटं मागं ओढत होती. हे ती बोलली नाही. मला समजत होतं आणि मला समजतंय हे तिलाही समजत होतं.

ती रागावेल म्हणून मी वाट पाहत होतो. तिनं बोलावं, दोन शिव्या द्याव्यात, म्हणजे मला बरं वाटलं असतं. ती भलतंच बोलायला लागली. "काका, आमच्या घरी पण हेच. माझी दादी, अकबरबी, मी दहावीला पहिली आल्ते तेव्हा शेजारच्या बायांना म्हणाली, कसली पहिली, तुक्क्यानं आली. मी रडले. मंग रात्री माझी बलाएं घेतली तिनं. आता तिची बोटं न्हाई वाजत, म्हातारपणानं. मंग ती हात कानाला लावते आणि तोंडानंच म्हणते, कट्." ती हसली, डोळ्यांतलं पाणी गालावरच्या मास्कात मुरलं. तिचे तळवे फिरतच होते. आणि मग माझ्या लक्षात आलं, की ती त्या सिरिंजकडं बघत नाहीये. माझ्याकडं बघत होती, सगुणाबाईकडं, छताकडं, आपल्या दादीकडं, पण हातातल्या त्या बोटभर जीवाकडं तिनं आल्यापासून एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तिचा सगळा जीव त्या तळव्यांत होता आणि डोळे मुद्दाम दुसरीकडं ठेवलेले होते. मी जेवायला बसलो की आई दुसरीकडं बघायची. चार बायकांत माझं नाव निघालं की विषय बदलायची. लुगड्याचा रंग जाईल म्हणाली, आणि ते लुगडं विरेपर्यंत नेसली. मी त्या काचेच्या दारापाशी उभा होतो, आणि माझ्या आईनं मला जन्मभर असंच फिरवत ठेवलं होतं, तळाशी बसू दिलं नव्हतं, गार होऊ दिलं नव्हतं, आणि बघितलं नव्हतं, हे मला इतक्या उशिरा आणि इतकं लख्ख दिसलं. आईला जाऊन वीस वर्षं झाली. सांगू कुणाला?

संघपाल येऊन सांगून गेला, हवा साफ झाली. मदीहा आत गेली. जाताना तिनं दार पाठीनं ढकललं, हात थांबवले नाहीत. सिरिंज यंत्रात बसली. आता वेळ गेलेला होता, आणि गेलेला वेळ कसा भरून काढायचा, ह्याविषयी माझी ठाम मतं आहेत. पॅनवर काही कारणानं खोळंबा झाला की मी वाफ वाढवायचो. सगळेच वाढवायचे. संघपालही आमच्यासारखाच निघाला. त्यानं दाबाच्या चकतीकडं बोट करून, वाढवू का, असं खुणेनं विचारलं. मदीहानं मान हलवली आणि बोट खाली केलं. कमी. ते मला उमगलं नाही. नंतर तिनं सांगितलं तेव्हा उमगलं. "थकलेल्या होत्या, काका. थकलेल्याला घाई केली तर तो मोडतो. वाट बघून झाल्यावर तर अजून सबुरीनं." सुई पुढंमागं जाऊ लागली. सुईतून दिसेल न दिसेल असा एक धागा उतरत होता, थंड तबकावर टेकला की तिथंच थबकत होता, त्याच्याशेजारी दुसरा, त्यांच्यावर आडवा तिसरा. मधेच ती थांबायची, सुईचं टोक बघायची, पुन्हा चालू. पॅनच्या काचेतून मी पुष्कळ पाहिलं आहे. अंधारात पहिला दाणा चमकला, तर आजही माझ्या अंगावर शहारा येईल. पण साखरेला जीव नसतो. ती चुकली तर पुन्हा वितळवता येते. इथं प्रत्येक धाग्यात कुणीतरी होतं, आणि ती पोरगी त्यांना सुईच्या भोकातून असं नेत होती, की त्यांना कळूसुद्धा नये. असं काम मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. हे मी मनातल्या मनातसुद्धा हळूच म्हणालो.

चादर पेटीत गेली. हातरुमालाएवढीसुद्धा नव्हती. मग मदीहानं सिरिंजच्या तळाशी उरलेला थेंब काचपट्टीवर घेतला, त्यात निळा रंग टाकला, आणि पट्टी बाहेरच्या दुर्बिणीखाली ठेवून मला म्हणाली, "बघा." मी विचारलं, "काय बघू?" "मेलेली पेशी निळी होते, काका. तिचं दार उघडं पडलेलं असतं, रंग आत शिरतो. जित्ती पेशी रंग आत येऊ देत न्हाई. ती आहे तशी राहते." सगुणाबाई पायरीवरून उठली नव्हती. मी डोळा लावला. आधी नुसताच उजेड दिसला, मग निळं काहीतरी. निळ्या होत्या. एक इकडं, एक तिकडं, दोन कोपऱ्यात. मग डोळा सरावला, आणि त्या निळ्यांच्या मधली जागा रिकामी नाही, हे मला दिसलं. ती भरलेली होती. स्वच्छ, बिनरंगाच्या, कडेला बारीक चमक असलेल्या, दाटीवाटीनं बसलेल्या, रंगाला दाराबाहेर उभं करून आपल्या घरात बसलेल्या. शंभरात दहा-बारा गेल्या असतील. बाकीच्या ऐटीत होत्या. मी डोळा काढला नाही, कारण डोळ्यात पाणी आलं होतं आणि दुर्बीण ही त्यासाठी चांगली जागा होती.

"बोला की, काका," मदीहा म्हणाली. मला खूप बोलायचं होतं. माझ्या तोंडात शब्द येऊन उभे राहिले होते, त्या मोठ्या डॉक्टरांच्या शब्दापेक्षाही मोठे. मी म्हणालो, "बरं आहे. चालेल." सगुणाबाईनं पायरीवरून माझ्याकडं बघितलं आणि तिला कळलं, कारण तिनं पदर डोळ्यांना लावला. मदीहानं मान खाली घातली. हसत होती.

चादर पेटीत आठवडाभर मुरली आणि मग माझ्या हातावर बसली. ह्या वेळी कातडी धरली. पट्टी पहिल्यांदा उघडली तेव्हा ती ओल्या कागदासारखी दिसत होती, माझीच, पण माझ्यापेक्षा कितीतरी लहान. पुढचे महिने मी कोमट पाण्यात हात बुडवून बोटं वळवत बसलो. रोज थोडी, रोज रडकुंडीला येऊन. ती नवी कातडी ताणायला मला भीती वाटायची. थकलेल्याला घाई करायची नाही, एवढं एक वाक्य मी स्वतःशी म्हणत राहायचो. पाणी प्यायचा पेला धरता आला, पण मूठ पुरती मिटत नव्हती. बोटांची टोकं आणि तळहात ह्यांच्यात थोडी हवा राहत होती. तपासणीच्या दिवशी मोठे डॉक्टर पुन्हा आले, हात उलटासुलटा करून पाहिला आणि सवयीप्रमाणं म्हणाले, "अप्रतिम!" सगुणाबाईनं त्यांच्याकडं असं पाहिलं, की ते चष्मा पुसायला लागले.

ते गेले आणि मी मागच्या इमारतीत गेलो. मदीहा काचेआड दुसऱ्या कुणाच्या तरी पेशींना जेवू घालत होती. मी थांबलो. ती बाहेर आली, मास्क खाली ओढला, माझ्या हाताकडं ओझरतं पाहिलं आणि लगेच दुसरीकडं पाहिलं. "कसं काय, काका?" "जरा जवळ ये, पोरी," मी म्हणालो. ती आली. हे बायकांचं काम आहे, पुरुषानं करायचं नसतं, आणि मागं उभ्या सगुणाबाईनं डोळे मोठे केले असणार, पण मी दोन्ही हात वर उचलले. एक माझा जुना, एक तिनं राखलेला. तिच्या चेहऱ्यावरून, अंगाला न लावता, कपाळापासून हनुवटीपर्यंत ते फिरवले, माझ्या कानशिलांवर नेले आणि डोळे मिटून बोटं दुमडली. डाव्या हाताची कडाकडा वाजली. उजव्या हाताची पाठ ताणली गेली, आणखी ताणली गेली, आता फाटते असं वाटलं आणि फाटली नाही. बोटं वळत गेली, वळत गेली, आणि पुरती मिटून कानशिलाला टेकली. हवा राहिली नाही. मूठ वळली होती. वाजलं मात्र काही नाही. मी डोळे मिटून तसाच उभा राहिलो, आवाजाची वाट बघत. मग समोरून, अगदी हळू, मदीहा तोंडानंच म्हणाली, "कट्."